पक्षी कुणी नेला

आमच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला माझ्या सुनेने, मारिसेलने, तिच्या देशातला काव्यखेळ बसवला. माझा उन्मेष बोटीवर असतो. तिथे ओळख होऊन त्याने ही फिलिपिन्सची मुलगी रत्नागिरीला आणली.

तिच्या गावाकडे कुणी वारलं की शेजारी जमून हा खेळ मांडत. राजाचा लाडका पक्षी हरवतो, आळ एका गरिबावर येतो, आणि त्याने पद्यातच उत्तर द्यायचं. मारिसेल सांगते, त्या आडून लोक जमीनदाराला हवं ते सुनावत. मला त्यात काहीच परकं वाटलं नाही. माझ्या लहानपणी शिमग्यातल्या नमनाच्या खेळात खोताची अशीच हजेरी घेत, आणि खोत पुढे बसून पान चघळत ऐकून घेई.

मी राजा झाले, मारिसेल आरोपी. उत्तराचं कडवं तिनेच मराठीत रचलं.

मंडळाची अध्यक्ष नीरजा. तिच्या नवऱ्याची आमच्या वाडीच्या वर चिऱ्याची खाण आहे. खाण खोल गेली तशी आमची विहीर शिमग्याआधीच तळ दाखवू लागली. तालमीला नीरजाने कडवं ऐकलं.

"काकी, एवढं उत्तर काढा. आळ घातला की लगेच नाच घ्या. पोशाख किती गोड आहे तिचा."

"आळ घालायचा नि बोलू द्यायचं नाही? हा कुठला न्याय गो?"

"करमणूक आहे ती. त्यात राजकारण कशाला?"

"आमचं पाणी गेलं ते काय भजन होतं?"

ती हसली. "पाहुण्या बाईच्या तोंडी शोभत नाही, काकी."

पाहुणी म्हणे. वाडीच्या टँकरपाशी घागरी घेऊन भांडते ती कोण मग?

घरी मारिसेल म्हणाली, "आई, राहू दे. नाचते मी." तिचा पडलेला चेहरा बघून माझा संताप अधिकच वाढला.

कार्यक्रमात मी आळ घातला. नाचाचं संगीत सुरू झालं. मी हात वर करून ते थांबवलं. "आरोपीचं ऐकल्याशिवाय हा राजा शिक्षा देत नाही. बोल."

मारिसेलने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली:

"पक्षी नाही नेला, राजा, मी तुमचा चोरून,
पाण्याविना गेला तो ही वाडी सोडून.
डोंगर कापला कुणी, आटवला झरा,
विचारा त्याला आधी, मग मला धरा."

दुसऱ्या ओळीला कुणीतरी माईक बंद केला. मागच्यांना पुढचं ऐकू गेलं नसेल. नीरजा मात्र पहिल्या रांगेत बसली होती, नवऱ्याशेजारी.