युवराज म्हणजे कोण?

मित्रांनो, सुताराच्या हातातला रंधा तुम्ही पाहिला असेल. मी तसाच एक, पण फार जुना. कठीण लाकडाच्या ठोकळ्यातून मला घडवलं आणि माझ्या पोटात पोलादी पातं बसवलं. खडबडीत फळीवरून मी धावलो की कुरळ्या, सुवासिक ढलप्या निघत. कारखान्यातले मोठे मिस्त्री मला कोणाच्या हाती देत नसत.

एके दिवशी मालकांची मुलगी कारखान्यात कामाला आली.

"आले बघा युवराज!" करवतीवरचा पहिलवान पुटपुटला. अंगानं काडी, म्हणून त्याचं नाव पहिलवान. सगळे गालात हसले.

युवराज म्हणजे राजाच्या गादीचा वारस, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे मात्र हा शब्द टोमणा होता. ज्याला सगळं आयतं मिळतं आणि ज्याला कोणी कामावरून काढू शकत नाही, तो युवराज. मग ती मुलगी का असेना!

तिनं ते ऐकलं. तिचे कान लाल झाले. ती थेट मिस्त्रींपुढे उभी राहिली.

"काका, मला रंधा मारायला शिकवा."

"ताई, केबिनमध्ये पंखा आहे."

"राहू दे पंखा."

पहिल्या दिवशी तिनं फळीचे लचके काढले आणि तिच्या तळव्यांना फोड आले. मला वाटलं, उद्या काही ही येत नाही. पण ती आली, तळव्यांना चिंधी बांधून! पुढे काही महिन्यांत तिचा हात असा बसला की तिच्या हाताखाली धावताना मला स्वतःचाच अभिमान वाटे. तरी पाठीमागे ती युवराजच राहिली.

मग एक वाईट घटना घडली. विजेच्या करवतीच्या पात्यावर झाकण नव्हतं. फळी सरकली आणि पहिलवानाची दोन बोटं गेली. त्याला दवाखान्यात नेल्यावर मालक आले.

"त्याचंच लक्ष नव्हतं. चला, करवत सुरू करा."

सगळ्यांच्या माना खाली. मिस्त्री उगाच माझं पातं पुसत होते. प्रत्येकाच्या मागे घर होतं.

"बाबा, झाकण बसेपर्यंत करवत चालणार नाही," ताई म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मीच बोलणार. यांच्यातलं कोणी बोललं, तर उद्या घरी बसेल. मला काढाल का तुम्ही? मी युवराज आहे ना!"

तिनं करवतीचं बटण बंद केलं आणि समोर उभी राहिली. मालक पाय आपटत निघून गेले. कित्येक दिवस बापलेकीचा अबोला होता. पण झाकण आलं. दवाखान्याचा खर्च कारखान्यानं केला, आणि बरा झाल्यावर पहिलवानाला पॉलिशचं काम मिळालं.

तो परतला त्याच दिवशी ताई आत येताना दिसली आणि कोणीतरी सवयीनं हसत म्हणालं, "युवराज आले वाटतं!"

पहिलवान ताडकन उठला. "युवराज म्हणायचं, तर उभं राहून म्हण!"

मित्रांनो, आता विजेचे रंधे आले आहेत. मी फळीवर धूळ खात पडलो आहे आणि माझ्या पात्यावर गंज चढतो आहे. जुन्या हत्यारांना अधूनमधून तेलाचा हात लावत जा, एवढीच माझी विनंती. आणि हो, तुम्हालाही घरातून आयतं बळ मिळालं असेल, तर ज्याला बोलायची भीती वाटते, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.