पार्टीतली बिय्यात्तु

कोयाक्कांच्या स्टुडिओत मी गाणी ऐकते. तेच माझं काम. कोळिकोडला मिठाई तेरूच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावर एक जिना चढलं की आमची खोली. आखातातल्या एका विमान कंपनीला मल्याळम गाणी आम्ही पुरवतो, दर दोन महिन्यांनी चाळीस. पुढच्या सीटच्या पाठीला छोटा पडदा असतो ना, त्यात इंग्रजी, अरबी, हिंदीच्या खाली कुठेतरी मल्याळम असं लिहिलेलं असतं. ते उघडलं की आत जे आहे ते सगळं आधी माझ्या कानांतून गेलेलं असतं.

खरखर काढायची, आवाज सारखा करायचा, मग तक्ता भरायचा: गाण्याचं नाव, गायक, प्रकार, वेळ. गायकाच्या नावाला अठ्ठावीस घरं. टिंब आणि मोकळी जागासुद्धा त्यातच. एकोणतिसावं अक्षर मशीन खातं. वर कंपनीचे नियम. गाण्यात शिवी नको, दारू नको, आकाशातून काहीही पडायला नको, ताराही नको. विरह चालतो. विरह नको म्हणाले असते तर द्यायला चारच गाणी उरली असती, असं कोयाक्का म्हणतात.

हे काम मला बिय्यात्तुम्मानं मिळवून दिलं. आमच्या शेजारची. सत्तरीची आहे, कोंबड्या पाळते, तांदळाची पत्थिरी इतकी पातळ लाटते की पलीकडचं दिसतं. दहावीत गणिताचे सर माझ्या उप्पावरून, म्हणजे बापावरून, काहीतरी बोलले आणि मी डस्टर फेकलं. लागलं नाही, पण माझी शाळा संपली. घरी उम्मा, माझी आई, महिनाभर माझ्याशी बोलली नाही. नातेवाईक यायचे, चहा प्यायचे, माझ्याकडे बघून मान हलवायचे. एकदा एका मामाला मी विचारलं, मानेला काही झालंय का. त्यानंतर कोणी आलं नाही.

बिय्यात्तुम्मा मात्र एक दिवस उठली आणि मला हाताला धरून कोयाक्कांकडे घेऊन गेली. म्हणाली, "या पोरीचे कान चांगले आहेत, तोंड वाईट आहे. कान तुम्ही ठेवा, तोंडाचं मी बघते." कोयाक्कांनी विचारलं, कान चांगले हे तुम्हाला कसं कळलं. ती म्हणाली की माझी कुठली कोंबडी आजारी आहे हे ही भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावरून सांगते. त्यावर मी कामाला लागले. दोन वर्षं झाली. तिचे आभार मानायला तोंड कधी उघडलं नाही. ते उघडलं की भलतंच बाहेर येतं.

तर मागच्या पावसाळ्यात कंपनीनं जुनी पत्रगाणी मागितली. म्हणजे नवरा आखातात, बायको इकडे, ती पत्र लिहिते आणि ते पत्रच गाण्यात म्हणते. आमच्याकडच्या प्रत्येक घरात एके काळी अशी कॅसेट वाजायची. कोयाक्कांनी कुठून तरी खोकंभर कॅसेटी आणल्या. सातव्या कॅसेटवर लिहिलं होतं: टी. के. हंसा मास्टर अँड पार्टी. पहिलं कडवं मास्टरांनी म्हटलं. दुसऱ्या कडव्यात एक पोरगी आली आणि मी हेडफोन काढून परत घातले.

तो 'ळ' मला माहीत होता. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून कोंबड्यांना हाक मारताना ओळीच्या शेवटी तो तसाच ओढला जातो, वर जाऊन मग हळूच खाली ठेवल्यासारखा.

मी तशीच घरी गेले. बिय्यात्तुम्मा मासे साफ करत होती. मी म्हटलं, हंसा मास्टरांच्या कॅसेटवर दुसरं कडवं कोण म्हणतं. तिनं सुरी खाली ठेवली नाही, पण हात थांबला. मग सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांची होती. नवरा जिद्दाला. मास्टर तिच्या भावाचे मित्र. नवऱ्यानं पत्रातून परवानगी दिली, पण वर नाव छापायचं नाही या अटीवर. मग छापलं 'अँड पार्टी'. पार्टी म्हणजे तबल्यावर मम्मदिक्का, पेटीवर वेलायुधन आणि ती. एका दुपारी सगळं उरकलं आणि संध्याकाळी ती स्वयंपाकाला घरी आली. तिच्या घरात तेव्हा टेप नव्हता. नंतर आला तेव्हा ती कॅसेट मागायची लाज वाटली.

"म्हणजे ऐकलंच नाही कधी?"

"चहाच्या टपरीवरून जाताना दोन ओळी. थांबायचं कसं, मोळे? बायका बघायच्या." मोळे म्हणजे पोरी; ती मला तसंच म्हणते.

मी लगेच फोन काढला. तिनं माशाच्या हातानंच मला अडवलं. म्हणाली, फोनवर नको, त्यात सगळी माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात. आणि मग, मासा उलटा करून, जणू मीठ किती आहे विचारावं तसं विचारलं, "तुमच्या त्या पडद्यावर नावं येतात ना? बिय्यात्तु इंग्रजीत किती अक्षरांचं?"

आठ, मी म्हटलं.

डिसेंबरात ती उम्र्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जाणार होती. लेकानं तिकीट पाठवलं होतं, त्याच कंपनीचं. आयुष्यातलं पहिलं विमान. तिनं एवढंच विचारलं आणि परत मासे साफ करायला लागली. पण आमच्याकडे बाई काही मागते तेव्हा अशीच मागते, दुसरीकडे बघत.

कोयाक्का नाही म्हणाले. कॅसेटवर जे छापलंय तेच पडद्यावर, नाहीतर हक्काची भांडणं होतात. मास्टर वारले आहेत, हक्क त्यांच्या लेकाकडे, तो तिरूरला टायरचं दुकान चालवतो. त्यानं लिहून दिलं तर बघू. आणि यादी गुरुवारी जाणार. मी म्हटलं, मी जाते. कोयाक्का म्हणाले, तू गेलीस तर तो आहे ती गाणीसुद्धा परत मागेल.

मी गेले. लेकाचं नाव जलील. त्यानं मला तासभर टायरवर बसवून ठेवलं. मग कागद बघून म्हणाला, शाळा सोडलेल्या पोरी आता करारनामे घेऊन फिरतात वाटतं. याला कोणी सांगितलं कुणास ठाऊक. तिरूर लहान आहे. माझ्या जिभेवर जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी समोरचे टायर मोजले. एकेचाळीस होते. मग फोनवर गाणं लावलं.

मास्टरांचा आवाज आला तसा जलील उठला आणि हवेचं मशीन बंद केलं. एक गिऱ्हाईक स्कूटर घेऊन उभं होतं, त्याला हातानंच थांबवलं. फोनवरच, डब्यातल्या आवाजात, त्यानं बापाला शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या कडव्याला म्हणाला, "ही कोण हे आम्ही उप्पाला लहानपणापासून विचारायचो. पार्टी आहे, म्हणायचा. बस, एवढंच."

सही करताना त्यानं एकच अट घातली. टी. के. काढायचं नाही. नुसते हंसा मास्टर गल्लोगल्ली आहेत, टी. के. असलेला त्याचा बाप एकच. मी कबूल केलं. बसमध्ये बसून इंग्रजी अक्षरांची घरं मोजली. टी, टिंब, मोकळं, के, टिंब, मोकळं, हंसा, मोकळं, मास्टर, स्वल्पविराम, मोकळं, बिय्यात्तु. बरोब्बर अठ्ठावीस. मी बसमध्ये एकटीच हसले. शेजारची बाई सरकून बसली.

पण घरी आल्यावर बिय्यात्तुम्मानं विचारलं, आणि पार्टी? मी म्हटलं, पार्टीला जागा नाही, तुझ्या नावानं ती संपली. तिचा चेहरा पडला. मम्मदिक्का गेला, वेलायुधन गेला, म्हणाली. माझा श्वास तुटत होता तिथं मम्मदिक्कानं ठेका सावरला म्हणून ते कडवं उभं राहिलं. मी एकटी वर चढून बसू आणि त्यांना खाली सोडू? मग माझंही नको.

राग आला मला. तासभर टायरवर बसून आले होते. पण तिला मी काय बोलणार? रात्रभर विचार केला आणि सकाळी मला सुचलं. तक्त्यात 'प्रकार' असा एक रकाना आहे, त्यात आम्ही काहीतरी ठोकून देतो: लग्नाचं, भक्तीचं, सिनेमाचं. त्या रकान्यात मी लिहिलं: पार्टी. आमच्याकडे पार्टी म्हणजे गाणारी मंडळी, दुसरं काय? कोयाक्कांनीही तक्त्यावरून नजर फिरवली आणि पाठवून दिला. बिय्यात्तुम्माला सांगितलं तेव्हा तिनं मला पत्थिरीबरोबर खाटेखालच्या डब्यातलं खास लोणचं काढून दिलं.

नोव्हेंबरच्या शेवटी विमानात चढलेली पक्की यादी आली. मल्याळममध्ये एकोणचाळीस गाणी. मी तीनदा मोजली. चाळिसावं सापडलं ते 'पार्टी' नावाच्या खोक्यात. वर फुगे आणि एक स्ट्रॉ घातलेला ग्लास, आत सगळी नाचायची गाणी, दुबईच्या हॉटेलांत वाजतात तसली. त्यांच्या मधोमध टी. के. हंसा मास्टर आणि बिय्यात्तु, पत्र लिहीत बसलेले. मशीननं रकाना वाचला आणि नेऊन ठेवलं.

बदलता येईना. दोन महिन्यांसाठी सगळ्या विमानांत तेच. कोयाक्का आधी ओरडले, मग यादी परत बघितली आणि टेबलावर डोकं ठेवून इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. मला हसू येईना. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मल्याळम उघडून ती एकोणचाळीस ओळी चाचपत बसणार, आणि नाही सापडलं की ती मला काही म्हणणार नाही. तेच मला नको होतं.

मी जाऊन सांगितलं. सरळ सांगितलं, माझी चूक झाली. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. बिय्यात्तुम्मानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात्रेचा इहराम बांधून उम्र्याला निघालेली बाई नाचाच्या गाण्यांत सापडणार. बरं आहे. पार्टीतच होते मी, अजूनही पार्टीतच आहे."

मग आम्ही शिकवणी घेतली. मी शिकवायची, म्हणजे बघा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी पडदा काढला, त्यात चौकोन, फुगे, ग्लास. मग तिची आठ अक्षरं. पहिलं दोन पोटांचं. दुसरं सरळ उभं. मग दोन गलोली शेजारी शेजारी. त्या गलोलींवरून तिनं ओळखायचं ठरवलं. आठ दिवस ती चुलीपुढे बोटानं राखेत काढायची. ती चुकली की मी ओरडायची, ती म्हणायची, डस्टर फेकू नकोस म्हणजे झालं.

करिपूरच्या विमानतळावर तिला सोडायला मीही गेले. आत जाताना तिनं कॅलेंडरची घडी पर्समधून काढून दाखवली आणि परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गटाच्या म्होरक्याच्या फोनवरून तिचा फोन आला. आधी तिनं कोंबड्यांचं विचारलं. मग माझ्या उम्माचं. मी म्हटलं, सापडलं का ते सांग आधी. सापडलं, म्हणाली. विमान वर गेल्यावर लगेच. गलोली दिसल्या.

"मग? कसं वाटलं गाणं?"

"ऐकलं कुठे? इहरामात होते, मोळे. अल्लाच्या घरी निघालेय आणि कानात गाणं घालू? येताना ऐकीन."

मग तिनं सांगितलं की पडदा थोड्या वेळानं आपोआप काळा होतो. तो काळा झाला की ती बोट लावायची, नाव परत यायचं. जिद्दा येईपर्यंत हेच. शेजारच्या बाईनं विचारलं, बिघडलाय का. ती म्हणाली, नाही, माझं नाव आहे. त्या बाईनं मागच्या रांगेत सांगितलं. मग गटातल्या बायका एकेक उठून येऊन बघून गेल्या. हवाई सुंदरीनं खाली बसा सांगितलं तर तिलाही दाखवलं. काब्यासमोर तिनं मम्मदिक्कासाठी दुवा मागितली, मास्टरांसाठी, आणि वेलायुधनसाठीसुद्धा, त्याला चालेल का विचारायला तो नव्हता म्हणून. टायरवाल्या पोरासाठी. आणि माझ्यासाठी. काय मागितलं ते सांगितलं नाही.

मग तिकडे म्होरक्यानं फोन घेतला आणि हॅलो हॅलो करत राहिला.

पंधरा दिवसांनी ती परत आली. करिपूरला दारातून बाहेर पडली, हातात मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी, डोळे सुजलेले. मी बॅग घेतली. रिक्षात बसलो. मग म्हणाली की पाच वेळा ऐकलं. पहिल्या दोन वेळा तिला कळलंच नाही ती स्वतः आहे ते.

"कुणाची पोरगी गं ती, असं वाटलं मला. इतकं मनापासून पत्र लिहितेय. कोणीतरी तिला सांगायला हवं होतं, चांगलं गातेस म्हणून."

मी म्हटलं, "चांगलं गातेस, बिय्यात्तुम्मा. आणि त्या दिवशी मला कोयाक्कांकडे नेलंस ना, ते बरं केलंस."

ती रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, झमझमची बाटली सरळ धर, सांडेल. मी दोन्ही हातांनी धरली.