शेपटीवरची हळद

वादिराज कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. साप ओळखण्यात राजवाड्यामागच्या गल्ल्यांत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सांगत फिरे. लोक फोनवर फोटो पाठवत, हा कॉफीचा घोट घेत निकाल देई.

त्या सकाळी सहाला शेजारच्या गल्लीतल्या चंद्रमतीकडून फोटो आला. तिची अकरा वर्षांची मुलगी हरिता चटई गुंडाळत असताना हाताला साप चावला होता. चंद्रमतीने तो दगड घालून मारला. मारलेल्या सापाच्या डोक्याला हळद लावायची, दूध ओतायचं आणि मग जाळायचं, ही त्यांच्यातली रीत. फोटोत हातभर काळा साप, एक टोक हळदीने माखलेलं, दुसरं दगडाखाली. हळदीपाशी पांढरे पट्टे ठळक, दगडाकडे पुसट होत गेलेले.

मानेशी ठळक, शेपटीकडे पुसट, म्हणजे कवड्या. बिनविषारी. विषारी मण्याराचं नेमकं उलट असतं. वादिराजाने झटक्यात कळवलं, "कवड्या आहे. हात धुऊन टाका, घाबरू नका."

पाऊण तासाने दाढी करताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. साप मारणारी बाई दगड शेपटीवर कशाला घालील? त्याने फोन लावला.

"चंद्रमती, हळद डोक्यावरच लावलीस ना?"

"अय्यो अण्णा, डोकं दगडाखाली आहे. तो दगड उचलायला मला धीर कोठला? शेपटीलाच लावली."

म्हणजे ठळक पट्टे शेपटीकडचे होते. तो मण्यार होता, आणि मण्यार चावला तर धड दुखतही नाही.

"हरिता कोठे आहे?"

"निजली परत. डोळे उघडवत नाहीत म्हणाली. तुम्हीच म्हटलं घाबरू नका, म्हणून निजू दिलं."

"उठव तिला! आत्ताच्या आत्ता!"

गालावरच्या फेसासकट तो धावत सुटला. रिक्षात हरिताच्या पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. "मामा, तुम्ही दोन दोन दिसता," ती जड जिभेने म्हणाली. मग बोलायचीच थांबली. तो तिच्या छातीवरून नजर हलवेना. छाती वर आली की मगच त्याचा श्वास सुटे. जन्मात तो इतका भ्याला नव्हता.

दवाखान्यात तिच्या घशात नळी घातली, विषावरचं औषध सुरू केलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विचारलं, "चावून तासाच्या वर झाला. इतका उशीर कशाने?"

"चूक माझीच," चंद्रमती रडत म्हणाली. "मी हळद भलत्या टोकाला लावली. अण्णा तरी काय करतील?"

गप्प राहिलं असतं तर खपून गेलं असतं.

"तिची चूक नाही," वादिराज म्हणाला. "डोकं कोणत्या बाजूला आहे ते मी विचारलंच नाही. न विचारता बिनविषारी म्हणून सांगितलं."

चंद्रमतीचं रडणं थांबलं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बाकावर त्याच्यापासून दूर सरकून बसली.