खोळ न सोडणारा बोरू

दहा वाजता बोरू उपटणारं यंत्र वाफ्यांत उतरणार होतं. त्याआधी तिला नवऱ्याने लावलेलं बोरूचं बेट वाचवायचं होतं.

सांडपाणी गाळण्यासाठी खोदलेल्या या सहा पाणथळ वाफ्यांचा तो मुकादम होता. ती समोरच्या खोलीत बाटल्यांतलं पाणी तपासत असे. खिडकीतून त्याची वाकलेली पाठ दिसे आणि पाणी गाळणाऱ्या कोवळ्या बोरूंच्या रांगा. पुढे परक्या जातीचा बोरू शिरला. दोन पुरुष उंच वाढून त्याने पाणी अडवलं, वाटा बुजवल्या, बदकं गेली. "रोपवाटिकेनं घात केला," असं नवरा शेवटपर्यंत म्हणत राहिला.

यंत्र चालवणारा तिचा भाचा. त्याने लाल फीत पुढे केली. "ही बांधशील ते बेट सोडतो. पण घरचाच बोरू हवा. नाहीतर साहेब मलाच मुळासकट उपटतील."

"तुला मुळं आहेत कुठं रे? एका जागी टिकतोस कधी?"

पारख नवऱ्यानेच शिकवलेली. थंडीत कांड्यावरची पानाची खोळ ओढून बघायची. "घरचा लगेच कोट काढून ठेवतो," तो हसून सांगायचा, "परका काढत नाही. त्याला जायचंच नसतं."

पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी त्याचं बेट होतं. बाकीची रोपं रोपवाटिकेची. हे एकच त्याने दूरच्या नदीकाठून, ओल्या गोणत्यात, सायकलवरून आणलेलं. "नदीच आणलीत की काय?" तिने विचारलं होतं. त्याच दिवशी काठाच्या ओल्या सिमेंटात त्याने तिचा अंगठा उमटवला होता. तो ठसा अजून होता.

तिने खोळ ओढली. निघेना. दुसरी, तिसरी, नख तुटलं.

आणि तिला तपासणीच्या खोलीतलं ते कांडं आठवलं. याच बेटाचं, पहिल्या वर्षी त्याने कापून दिलेलं. इतकी वर्षं ती त्यावरची धूळ पुसत आली होती, आणि खोळ जशीच्या तशी राहिली याचं तिला केवढं कौतुक!

"बांधू का, मावशी?"

ती हसली, हसताना डोळे भरून आले. "अहो, पाहुण्याला तुम्हीच घेऊन आलात की," ती बेटाकडे बघत नवऱ्याला म्हणाली.

"काय?"

"काही नाही. इथूनच सुरू कर. तो सिमेंटचा काठ तेवढा सांभाळ."

"आणि फीत?"

ती केव्हाच सहाव्या वाफ्याकडे निघाली होती, एकेक कांडं चाचपत. यंत्र मागे धडधडू लागलं तेव्हा एक खोळ नुसत्या बोटाने सुटून तिच्या तळहातावर आली.