दादाला न आवडलेल्या गाड्या

माझ्या पुतणीचं लग्न ठरून मोडलं आणि त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षी आमची जुनी गाडी ओढ्यात कायमची बसली. मी आणि माझा थोरला भाऊ मधमाश्या पाळायचो. पेट्या टेकडीवर, घरापासून पाच किलोमीटर. अर्धा रस्ता कच्चा, मध्ये ओढा आणि दगड. फार मोठी गाडी वळणावर मावायची नाही, म्हणून मध्यम आकाराची पिकअप घ्यायचं ठरलं. कोणती, इथे घोडं अडलं.

पुतणीला घेऊन आम्ही शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता भला माणूस, पण बोलायला लागला की थांबेना. फोर बाय फोर, डिफरेन्शियल लॉक, ग्राउंड क्लिअरन्स. मी माहितीपत्रक बोट ठेवून वाचलं. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायचो.

"काका, एवढंच लक्षात ठेवा," तो म्हणाला. "बुटकी घेतलीत तर दगड पोटाला लागणार. उंच घेतलीत तर नाही."

"मग उंच," मी म्हणालो.

"आरसे मोठे आहेत," दादा म्हणाला.

"मोठे असले तर बिघडलं कुठे, बाबा?" पुतणीने विचारलं.

"अंगावर येतात."

दुसऱ्या शोरूममधल्या उंच गाडीचा रंग त्याला पटला नाही. तिसऱ्या ठिकाणच्या गाडीचा हॉर्न रडका निघाला. बुटक्या मात्र सगळ्या पसंत.

"अहो बाबा, ती ओढा ओलांडणार नाही."

"ओढ्याला आपण समजावू."

"माझ्या होणाऱ्या नवऱ्यात तरी तुम्ही इतक्या खोडी काढल्या नव्हत्या."

"तिथेच चुकलं माझं."

मला काही उमगेना. उभ्या जन्मात दादाने गाडीचा रंग बघितला नव्हता. मग हे काय नवीनच? घरी येऊन पुन्हा माहितीपत्रकं काढली, तर डोकं आणखीनच गरगरलं.

पुन्हा पहिल्या शोरूममध्ये गेलो, तेव्हा हौद्यात किती पेट्या मावतात ते बघायला एक रिकामी मधपेटी सोबत नेली. ती ठेवून वळलो, तर दादा उंच गाडीच्या उघड्या दारापाशी एकटाच. त्याने दांडी धरली, पाय उचलला. गुडघा वर येईना. पाय खाली ठेवून तो वाकला आणि टायर बघायला लागला, जसा काही त्यासाठीच आला होता.

तेव्हा ध्यानात आलं. एकाही उंच गाडीत तो बसलाच नव्हता. टेकडी चालत चढणं त्याचं केव्हाच सुटलं होतं. जुनी गाडी बुटकी म्हणून ओढ्यात बसली, आणि बुटकी म्हणूनच दादा तिच्यात चढायचा. आता चढता आलं नाही, तर माश्या पुन्हा दिसायच्या नाहीत.

मी पेटी काढली, उलटी करून दाराखाली ठेवली.

"हे काय?" दादा म्हणाला.

"मजबूत आहे का बघतोय. चढ बरं."

"उजवा आधी की डावा?"

"मला काय विचारतोस? पाय तुझे."

तो चढला. मांडीवर हात ठेवून समोरच्या काचेतून शोरूमची भिंत बघत राहिला.

"आरसे?" पुतणीने विचारलं.

"मोठेच आहेत. पण मागचं बरं दिसतं."

तीच घेतली. डिफरेन्शियल लॉक म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. दादा दोन फुलोरे तिच्यातून वर आला. पेटी सीटमागेच असते. आता मला लागते. दादा तिसऱ्या वर्षी, फुलोरा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, मंगळवारी सकाळी वारला.