माळ्यावरचा धोटा

मित्रांनो, माझ्या पाठीवरून अंगठा फिरवा, एक खळगा लागेल. तो माझ्या मालकाच्या, नानाजींच्या अंगठ्यानं तीस वर्षांत पाडलाय. मी उमरेडच्या हातमागावरचा जुना धोटा आहे. पोटात सुताची कांडी घेऊन उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळायचं, हे माझं काम. नानाजी मला फेकत आणि मी सुटत असे. काय दिवस होते ते! नागपूरच्या गांधीबागेतले व्यापारी आमच्या लुगड्यांचे काठ चाचपून बघत, आणि मला वाटे, कौतुक माझंच चाललंय.

१९६८ साली नानाजींना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. दुखणाईताला कामाची वस्तू दिसूसुद्धा नये, असं आमच्या घरात मानत. म्हणून त्यांच्या लेकीनं, पुष्पलतानं, मला त्यांच्या उशाजवळून उचललं आणि माळ्यावर ठेवलं. ती इंटर सायन्स झालेली, शाळेत मास्तरीण होती. बापावर तिचा फार जीव, म्हणूनच ठेवलं.

नानाजी डाव्या हातानं खाटेच्या काठावर ठोकत. ठक-ठक, जरा थांबून ठक. मागाची तीच चाल. मी वरून ओळखली, पण लाकडाला कुठे बोलता येतं? त्यांच्या पत्नी रुख्माबाई धावत येत आणि पाणी पाजत. ते तोंड फिरवत, पुन्हा ठोकत. पुन्हा पाणी. दोन वर्षांनी नानाजी गेले आणि ठोकणं थांबलं. मला मात्र ते माळ्यावर ऐकू येतच राहिलं. आजही येतं.

पुढे रुख्माबाईंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर लेक त्यांना हाताच्या व्यायामासाठी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत लकव्याचा एक पेशंट छोट्या मागावर बसला होता. लुळ्या हाताला कामातूनच पुन्हा शिकवायचं, ही तिथली विद्या. ठक-ठक, ठक. पुष्पलताला खाटेवरचं ते ठोकणं आठवलं आणि ती दारातच थिजली. रुख्माबाईंनी मान वळवली आणि म्हणाल्या, चल, बस निघून जाईल.

घरी येताच पुष्पलतानं मला माळ्यावरून काढलं, पदरानं पुसलं आणि हमसून हमसून रडली. वय एकतीस, नोकरी कायम, मुख्याध्यापिका व्हायची वेळ आलेली. तरी तिनं ठरवलं, त्या खोलीतल्या विद्येचीच पदवी घ्यायची. शिकायचंच तर नर्सिंग घे, लवकर हाताशी येईल, असं शाळेतल्या बाया म्हणाल्या. तिनं ऐकलं नाही. रुख्माबाईंनी तर आकाशपाताळ एक केलं. अर्ध्या वयाच्या पोरींसोबत बाकावर बसणार? लोक तोंडात शेण घालतील. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत.

प्रवेशाच्या मुलाखतीत कॉलेजच्या साहेबांनी वयावरच बोट ठेवलं. पुष्पलतानं पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं.

"माझे वडील हे मागत होते," ती म्हणाली. "मला कळलं नाही."

तिला प्रवेश मिळाला.

शेवटच्या वर्षी तिच्याकडे कवडू नावाचा कोळसाखाणीतला कामगार आला. हात तसाच, नानाजींसारखा. अकरा दिवस मी त्याच्या मुठीतून पडत होतो. बाराव्या दिवशी त्यानं मला क्षणभर धरून ठेवलं. त्या दिवशी रुख्माबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते बघितलं आणि बाकावर बसल्या.

"ते पाणी नोते मागत वं," त्या म्हणाल्या. "मले मालूम होतं."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"धोटा हातातून पडला असता तं तुह्या बापाची आस तुटली असती. म्हून मी पाणीच पाजत राहिली."

तेवढ्यात मी कवडूच्या हातातून पुन्हा पडलो. पुष्पलतानं मला उचललं आणि परत त्याच्या मुठीत दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरचं दुखणाईत माणूस काही मागत असेल, तर त्याच्या हातात द्या. पडलं तर पडू द्या, पुन्हा उचलून द्या. पडल्याचं मला काहीच दुखलं नाही. नानाजी खाली ठोकत होते, ती दोन वर्षं माळ्यावर धडधाकट पडून होतो, ते दुखतं.