चष्मेवालीची केस

चष्मेवालीनं बिजवराशी लग्न केलं तेव्हा त्याची मुलगी धड बोलतही नव्हती. मुलीची जन्मदाती बाळंतपणातच गेली होती. पोरगी बोलायला लागली ती चष्मेवालीला 'आई' म्हणतच. चष्मेवालीच्या चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र दिवसभर घरघरायचं. त्या आवाजात पोरगी दुपारची झोपायची आणि त्याच टेबलाखाली बसून अक्षरं गिरवायची. मग एका हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं, नवरा गेला, आणि मुलीचा काका दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही," तो म्हणाला. "पण पोरगी आमच्या रक्ताची आहे. दादाची तेवढीच खूण उरलीय. मी तिला घेऊन जातो."

"भाऊजी, ती काय कपाट आहे, उचलून न्यायला?"

काका वाईट माणूस नव्हता. भाऊ गेल्यानं तो आतून हलला होता. पण तो हट्टाला पेटला आणि प्रकरण खालच्या कोर्टात गेलं.

कोर्टाची खोली लहान होती. खिडकीच्या फुटक्या काचेवर पुठ्ठा लावलेला. न्यायाधीशबाई बोलायच्या कमी, पण साक्षीदार बोलत असताना त्यांची नजर कागदावर नसायची, त्याच्या चेहऱ्यावर असायची. काकाच्या वकिलानं सुचवलं, की ही सावत्र आई पोरीवर हात उचलते. तेव्हा बाईंनी शेजारणीला स्वतः खोदून खोदून विचारलं, शाळेतल्या शिक्षिकेला विचारलं. मग मुलीला आपल्या दालनात बोलावलं आणि कोर्टाबद्दल अवाक्षर न काढता तिच्याशी गप्पा मारल्या.

"आई रागावली की तुला कसं कळतं?"

"ती गप्प बसून चष्मा पुसते. चष्मा स्वच्छच असतो."

"मग तू काय करतेस?"

"मी पण गप्प बसते. मग तिलाच हसू येतं."

निकालाच्या दिवशी बाईंनी सावकाश वाचून दाखवलं. मुलीचा सांभाळ उत्तम झाला आहे, मारहाणीचा आरोप खोटा आहे, मुलीला आई म्हणून हीच बाई माहीत आहे. चष्मेवालीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तरीही मला काकांच्या बाजूनं निकाल द्यावा लागतोय. सर्वोच्च न्यायालयानं पूर्वीच ठरवून दिलंय, की रक्ताचा नातेवाईक असताना सावत्र आईला ताबा मागता येत नाही. मला ते पटत नाही. पण मला पटत नाही म्हणून ते मोडायचा अधिकार मला नाही."

चष्मेवाली उभी राहिली. तिच्या वकिलानं बसायची खूण केली तरी बसली नाही. "मग तुम्ही तिथं बसलाय कशाला?"

शिपाई पुढे सरसावला. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

"खरं काय घडलं ते शोधून नीट लिहून ठेवायला," त्या शांतपणे म्हणाल्या. "वरचे न्यायाधीश तुम्हाला भेटणार नाहीत, तुमच्या मुलीशी बोलणार नाहीत. ते माझ्या डोळ्यांनी बघतील. म्हणून मी काही गाळलेलं नाही. आणि अपिलाचा निर्णय लागेपर्यंत माझ्याच आदेशाला मी स्थगिती देतेय. मुलगी घरीच राहील."

अपील कोर्टात उंच छत होतं आणि दोन न्यायाधीश. साक्षीदार कोणीच नव्हते. चष्मेवालीला वाटलं, आता तरी आपल्याला बोलू देतील. पण तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. काकाच्या वकिलानं मारहाणीचा विषय पुन्हा उकरून काढला, तेव्हा त्यातले चष्मा लावलेले न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, शेजारीण बोलताना अडखळली की ठामपणे बोलली, हे आम्ही पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी आरोप खोटा ठरवलाय. इतकं काळजीपूर्वक लिहिलेलं निकालपत्र मी फार दिवसांनी वाचलं. तो विषय संपला." हात मात्र त्यांचेही बांधलेलेच होते. त्यांनी स्थगिती कायम ठेवली आणि एक प्रश्न वर पाठवला: तो जुना नियम सगळ्याच सावत्र आयांना लागू करावा का?

सर्वोच्च न्यायालयात पाच जण बसले. मधल्या खुर्चीत पिकल्या केसांचे, किंचित वाकलेले वयोवृद्ध न्यायमूर्ती होते. काकाचा वकील उत्साहानं म्हणाला, "महोदय, हा नियम आपणच लिहिलेला आहे."

"माहीत आहे," म्हातारे न्यायमूर्ती म्हणाले. "त्या खटल्यातली बाई मुलाला टाकून निघून गेली होती, आणि पुढे इस्टेटीसाठी परत आली. निकाल बरोबरच होता. पण लिहिलं मी एका बाईबद्दल, आणि शब्द असे वापरले की सगळ्याच बायका त्यात सापडल्या. खालच्या न्यायाधीशांनी तो नियम मान्य नसतानाही पाळला, म्हणून आज तो दुरुस्त करायला माझ्यासमोर आला. त्यांनी पळवाट काढली असती, तर मला कधी कळलंच नसतं."

पाचही जणांचं एकमत झालं. मुलाचं हित आधी, रक्त नंतर. चष्मेवालीनं आपल्या वकिलाला विचारलं, "म्हणजे पोरगी माझी?"

"अजून नाही. यांनी कायदा सांगितला. पोरीचं काय ते ज्यांनी तिला पाहिलंय त्याच ठरवतील."

प्रकरण पुन्हा त्या पुठ्ठा लावलेल्या खिडकीपाशी आलं. न्यायाधीशबाईंनी काकाला विचारलं, "तुम्हाला ही मुलगी हवी आहे, की भाऊ?"

"भाऊ," तो म्हणाला.

बाईंनी ताबा चष्मेवालीला दिला, आणि काकानं दर रविवारी मुलीला भेटावं असंही लिहिलं. बाहेर व्हरांड्यात काका घुटमळत उभा होता. चष्मेवाली त्याच्याजवळ गेली. "भाऊजी, रविवारी लवकर या. तिला तुमच्या दादाच्या लहानपणच्या खोड्या ऐकायच्यात. मला त्यातली एकही माहीत नाही."

"सकाळीच येतो," काका म्हणाला.

मग आभार मानायला म्हणून चष्मेवाली पोरीला घेऊन परत आत गेली. शिपाई कुजबुजला, "ताई, दुसरी केस सुरू झालीय." दोन भाऊ सामाईक भिंतीवरून भांडत होते. धाकटा एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. न्यायाधीशबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत ऐकत होत्या, जणू आज कोर्टात त्याच्याशिवाय कोणी आलंच नव्हतं. मायलेकी मागच्या बाकावर बसल्या आणि थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या.